धावड्याचे बावीस नमुने

१

धावड्याच्या बावीस शेतकऱ्यांचं बियाणं मेलेलं निघालं, आणि मारेकरी म्हणून पहिलं नाव आलं ते उषा वाघमोडेच्या कॉम्प्युटरचं.

१९९६ सालचा एप्रिल सरत आला होता. काळीमाय सीड्स ही जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतली कंपनी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून संकरित कापसाचं बियाणं तयार करून घ्यायची. कुणाचं बियाणं कधी आलं, त्याचा नमुना कुठं गेला, तपासणीत काय निघालं, हे सगळं पूर्वी अकरा रजिस्टरांत विखुरलेलं असायचं. दोन वर्षांपूर्वी उषानं ते एका कॉम्प्युटरवर आणलं. त्यासाठी ती चार महिने कंपनीत नुसती फिरली होती. हमालापासून मालकापर्यंत प्रत्येकाला तिनं विचारलं होतं, "हा कागद तुमच्याकडं कुठून येतो, आणि पुढं कुठं जातो?"

बुधवारी सकाळी मालक पुंजाराम बापूंचा तिला औरंगाबादला फोन आला. "वाघमोडेबाई, जल्दी निघा. तुमच्या मशिनीनं एक गाव बुडवलं म्हणून राह्यलेत लोक."

दुपारी ती फाटकाशी पोचली, तर सावलीत एक साठीची बाई मांडीवर ओलं फडकं घेऊन बसली होती. धावड्याच्या चतुराबाई. फुलाला फूल लावून हातानं संकर करायचं काम करणाऱ्या गावातल्या सगळ्या बायांच्या त्या मुकादम.

"तुम्हीच का कॉम्प्युटरच्या बाई?" त्यांनी विचारलं आणि फडकं उलगडलं. आत सरकीचे दाणे होते, आणि बहुतेकांना बोटाच्या पेराएवढे पांढरे कोंब आले होते. "हे आमच्या घरी राह्यलेलं बी. कंपनीला दिलं त्याच ढिगातलं. तुमची मशीन म्हणती हे मेलं. मेलेल्याला कोंब येत असतेत का?"

उषानं एक दाणा तळहातावर घेतला. कोंब ताठ होता.

२

बापूंच्या खोलीत उत्पादन विभागाचे प्रमुख काकासाहेब आधीच बसलेले होते. पन्नाशीचा, खादीच्या शर्टातला, शांत बोलणारा माणूस. कंपनी उभी राहिली तेव्हापासून बापूंसोबत होता.

बापूंनी थोडक्यात सांगितलं. शंभर दाण्यांतले निदान पासष्ट उगवले पाहिजेत, असा कायदा. धावड्याचा एकही नमुना चाळिसाच्या वर गेला नव्हता. उलट यंदाच सुरू झालेल्या तीर्थपुरी केंद्राचे बावीसच्या बावीस नमुने ऐंशीच्या वर. धावड्याची पोती शनिवारी तेलाच्या गिरणीला जायची होती, आणि तीर्थपुरीचं बियाणं पिशव्यांत भरून सोमवारी दुकानदारांकडं. पुढच्या वर्षी धावड्याला काम द्यायचं नाही, असंही ठरत आलं होतं.

"बारा वर्षं ते गाव काम करून राह्यलंय," बापू म्हणाले. "एकदा नाव बद झालं की दुसरी कंपनीबी दारात उभी करत न्हाई. म्हणून तुम्हाला बोलावलं. आपला ऑपरेटर इंद्रभान, त्याची सासुरवाडी तीर्थपुरीची. त्यानं आकडे इकडचे तिकडं केले का, ते बघा."

"बापू, उगं कुणावर आळ नको," काकासाहेब म्हणाले. "बाईंची सिस्टीम बिलकुल बराबर आहे. राखीव नमुनासुद्धा परत तपासला, तोच निकाल. बियाणंच खराब, त्याला कोण काय करणार?"

कॉम्प्युटरच्या खोलीत इंद्रभान पडलेल्या चेहऱ्यानं बसला होता. तिशीचा तरुण, नऊ वर्षं नोकरीत. "मॅडम, लेकराची आण घेऊन सांगतो, मी एका आकड्याला हात लावला न्हाई."

"आण नको. छापील यादी द्या."

गावाहून आलेल्या नमुन्यावर शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी असायची, पण प्रयोगशाळेत जाताना ती राहत नसे. कॉम्प्युटर एक सांकेतिक क्रमांक द्यायचा आणि पिशवीवर तेवढाच चिकटवला जायचा, म्हणजे तपासणाऱ्याला कळू नये की बियाणं कुणाचं. त्या क्रमांकात उषानं एक कुलूप घालून ठेवलं होतं. शेवटचा आकडा शेतकऱ्याच्या खातेक्रमांकावरून गणित करून निघायचा. नंतर कुणी नावांची अदलाबदल केली, तर तो आकडा जुळणार नाही. हे गणित उषाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं पेन्सिल घेतली आणि दोन्ही गावांचे चव्वेचाळीस क्रमांक हातानं सोडवले. तास गेला. इंद्रभान तिच्या पेन्सिलीकडं टक लावून होता.

चव्वेचाळीसही जुळले.

"तुम्ही निर्दोष आहात," ती म्हणाली. इंद्रभाननं डोळे पुसले. उषाला मात्र हलकं वाटलं नाही. कॉम्प्युटर खरं बोलत असेल, तर मग चतुराबाईंच्या फडक्यातले कोंब खोटे होते. तिची नजर यादीच्या डाव्या कडेला गेली. तिथं गावच्या केंद्रावर मोजलेला ओलावा नोंदलेला होता. धावडा : सात, साडेसात, आठ टक्के. तीर्थपुरी : अकरा, साडेअकरा, बारा.

कोरडं बियाणं मेलं होतं, आणि ओलं तरारून उगवलं होतं.

३

उषाचे वडील मेंढरं राखायचे. हरवलेलं मेंढरू शोधताना ते कळपात शोधत बसत नसत, आलेल्या वाटेनं उलटे चालत जात. गुरुवारी सकाळी उषा एसटीनं तीर्थपुरीला गेली.

केंद्रप्रमुख भुजंग चाळिशीचा, आखडून बोलणारा माणूस होता. सारा फायदा तीर्थपुरीचा झालेला, त्यामुळं जालन्यात त्याच्याविषयी कुजबुज चालू होतीच. उषानं ओलाव्याचा विषय काढताच तो म्हणाला, "यंत्रानं जे दाखवलं ते लिहिलं. माझ्या सहीचे कागद आहेत."

"बारा टक्के म्हणजे पुष्कळ ओल झाली."

"कारखान्यात नेऊन वाळवतेतच."

"वाळवतात. पण आधी किती दिवस ओलं राहिलं, त्यावर सगळं असतं. पोती कुठं ठेवली होती?"

भुजंग किल्ली घेऊन उठला. मागचं शेड पाण्याच्या टाकीला लागून होतं. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओलीचे डाग होते आणि खाली फरशीवर पांढरा बुरा चढलेला होता.

"तीन आठवडे होतं इथं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी दोनदा सांगितलं, माल उचला म्हणून. हुकूम आला, जागा बदलू नका, ट्रक येतोय. ट्रक आलाच न्हाई."

"मग हे बियाणं ऐंशीच्या वर कसं उगवलं?"

"तेच मला समजून न्हाई राह्यलं, बाई. आमचं पास झालं तेव्हा लोकांनी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला न्हाई."

"हुकूम कुणाचा होता?"

"हापिसाचा."

"आणि यादीत नमुन्यांची तारीख बारा मार्च आहे. ते घेऊन कोण गेलं?"

भुजंगनं शेडचं कुलूप लावलं. लावलेलं कुलूप पुन्हा ओढून पाहिलं. "कंपनीची जीप आल्ती दुपारी. मला दोन पोरी उजवायच्यात बाई, याच्या पुढं मला विचारू नका."

४

शुक्रवारी सकाळी आठलाच उषा प्रयोगशाळेत हजर झाली. द्वारकाबाई, तिथल्या जुन्या सहायक, काचेच्या बशा धूत होत्या. उषाला पाहताच त्यांनी टेबलावरची एक लांबट वही पदराखाली ओढली.

"काय आहे ते?"

"काही न्हाई. माझं आपलं घरचं."

उषा स्टुलावर बसली. कागद लपवणारी माणसं तिला नवी नव्हती. बहुतेक वेळा त्यांनी चोरी केलेली नसते, त्यांना फक्त कुणीतरी रागावलेलं असतं. "द्वारकाबाई, कुणी नको म्हटलं होतं का ही वही लिहायला?"

"तुम्हीच," द्वारकाबाई म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वी उषानं कागदांची छाननी केली, तेव्हा प्रयोगशाळेच्या तक्त्यात ओलाव्याचा रकाना होता. केंद्रावर एकदा ओलावा मोजतात, मग तोच इथं परत कशाला, असं म्हणून उषानं तो खोडला होता. एकच माहिती दोनदा घेणं म्हणजे वेळेचा नास, असं तिनं तेव्हा सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. आणि ते सांगताना तिला स्वतःचा अभिमानही वाटला होता.

"पण मला चैन पडंना," द्वारकाबाई म्हणाल्या. "अठरा वर्षं पिशवी फोडली की आधी ओलावा बघायची सवय. कॉम्प्युटरमधी जागा न्हाई, तर न्हाई. मी आपलं वहीत लिहून ठेवते. रागावू नका."

"रागावत नाही. ती वही मला दाखवा."

वहीत नावं नव्हती, सांकेतिक क्रमांक आणि समोर ओलावा, एवढंच. अक्षर मोत्यासारखं. उषानं शेजारी यादी पसरली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेली. धावड्याचा पहिला शेतकरी : गावात मोजलं तेव्हा साडेसात, प्रयोगशाळेत बारा. दुसरा : गावात सात, इथं साडेअकरा. तीर्थपुरीचा पहिला : तिथं बारा, इथं साडेसात.

चव्वेचाळीसही उलटे.

प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत बी आपोआप ओलं होत नाही आणि आपोआप वाळतही नाही. गावातून निघालेली पिशवी आणि प्रयोगशाळेत फुटलेली पिशवी, यांच्या चिठ्ठ्या बदललेल्या होत्या. कॉम्प्युटरनं क्रमांक दिला तो चिठ्ठी बदलल्यानंतर, म्हणून शेवटचा आकडा जुळत होता. राखीव नमुना त्याच पिशवीतून काढलेला, म्हणून तोही तसाच. उषाच्या कुलपाला कुणी हात लावलाच नव्हता. चोर दाराच्या बाहेरच आपलं काम उरकून गेला होता.

आणि ज्या रकान्यानं त्याला महिनाभर आधी पकडलं असतं, तो उषानं स्वतःच्या हातानं खोडला होता.

५

फाटकावरचा पहारेकरी मच्छिंद्र आपल्या रजिस्टरला फार जपायचा. उषा म्हणाली तसं त्यानं बारा मार्चचं पान काढून दिलं.

जीप सकाळी साडेपाचला बाहेर. दुपारी सव्वाचारला आत. नमुने : धावडा बावीस, तीर्थपुरी बावीस.

उषा ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. धावडा भोकरदनच्या पलीकडं, पार उत्तरेला. तीर्थपुरी घनसावंगीकडं, दक्षिणेला. एकीकडून दुसरीकडं जायचं तर जालना मधेच लागतं, आणि जीप याच फाटकासमोरच्या रस्त्यानं जाते.

"मच्छिंद्रभाऊ, धावड्याची जीप इथून किती वाजता जाते एरवी?"

"सकाळी नमुने घेऊन निघाली की साडेधापर्यंत येती. माल उतरवते, मंग पुढच्या गावाला."

"त्या दिवशी उतरवला नाही?"

मच्छिंद्रनं आठवून पाहिलं. "न्हाई. समोरून गेली. मी उठून फाटक उघडलं, तर थांबलीच न्हाई. म्हणलं गडबडीत असतील."

म्हणजे तीर्थपुरीपासून परत येईपर्यंत कोरडं आणि ओलं बी एकाच जीपमध्ये होतं. जालना ते तीर्थपुरी आणि परत, एवढा रस्ता धावड्याचे नमुने विनाकारण फिरले.

"ड्रायव्हर कोण होता?"

"ड्रायव्हरची सुट्टी होती. काकासाहेब सोताच चालवत गेल्ते. एकटेच."

तीर्थपुरीचं केंद्र सुरू करायचा हट्ट काकासाहेबांचा होता, हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. बापू नको म्हणत होते, आणि काकासाहेबांनी शब्द दिला होता : पहिल्या वर्षी फसलं तर बंद करू.

उषा बापूंकडं निघणार तेवढ्यात बाहेर मोठा हॉर्न वाजला. तेलाच्या गिरणीचा ट्रक फाटकाशी उभा होता.

"हा तर उद्या यायचा होता," उषा म्हणाली.

"काकासाहेबांनी सकाळी फोन करून आजच बोलावला," मच्छिंद्र म्हणाला. "आत घेऊ का?"

ती पोती एकदा गिरणीत गेली, की धावड्याचं बी जिवंत होतं हे सांगणारं जगात काही उरणार नव्हतं. चतुराबाईंचं फडकं सोडून.

"दहा मिनिटं फाटक उघडू नका," उषा म्हणाली आणि पळाली.

६

बापूंनी सगळं ऐकून घेतलं आणि काकासाहेबांना बोलावलं. फाटकावरून चतुराबाईंनाही आत घ्यायला सांगितलं. टेबलावर तीन कागद होते : दोन्ही केंद्रांच्या ओलाव्याची छापील यादी, द्वारकाबाईंची वही आणि मच्छिंद्रचं रजिस्टर. उषानं क्रमानं सांगितलं.

काकासाहेब शांतच होते. "बापू, एका बाईच्या खाजगी वहीवर कंपनी चालवायची का? कुणी म्हणंल, भुजंगनं आकडे चुकवले. कुणी म्हणंल, द्वारकाबाईंनी."

"तेच मीही आधी तपासलं," उषा म्हणाली. "भुजंगरावांना सांकेतिक क्रमांक माहीत नव्हते. द्वारकाबाईंना पिशवी कोणत्या गावची, ते माहीत नव्हतं. धावड्याचे आकडे तर भुजंगरावांनी लिहिलेलेच नाहीत, ते धावड्याच्या केंद्रावरून आले. तिघांनी ठरवून खोटं लिहायचं म्हटलं असतं, तरी चव्वेचाळीस ओळी अशा जुळल्या नसत्या. ज्यांना एकमेकांचं काही ठाऊक नाही, त्यांचे कागद एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी असते."

"आणि ती न्हाई खरी निघाली तर? सोमवारचा माल थांबला म्हणून दुकानदार दुसऱ्या कंपनीकडं गेले तर?"

"चार दिवस द्या," उषा बापूंना म्हणाली. "नमुन्याच्या पिशव्या नकोत. गोदामातल्या पोत्यांतून नवीन बी काढू, सगळ्यांसमोर. पोत्यांवर शेतकऱ्याचा क्रमांक शाईनं छापलेला आहे, तो कुणाला बदलता आलेला नाही. चौथ्या दिवशी कोंब मोजू. मी चुकले असेन, तर माझी सिस्टीम काढून टाका आणि अकरा रजिस्टरं परत सुरू करा."

बापूंनी खिडकीतून ट्रककडं पाहिलं. मग फोन उचलला आणि मच्छिंद्रला सांगितलं, "ट्रक रिकामा लावून दे. सोमवारचा मालबी थांबव."

त्याच दुपारी गोदाम उघडलं. चतुराबाईंनी धावड्याच्या तीन पोत्यांवर बोट ठेवलं, काकासाहेबांना तीर्थपुरीची तीन निवडायला सांगितली. प्रत्येकातले शंभर दाणे द्वारकाबाईंनी ओल्या कागदात गुंडाळले आणि कपाटाला बापूंनी आपलं कुलूप घातलं. चार दिवस चतुराबाई जालन्यात नातलगाकडं राहिल्या. रोज सकाळी येऊन त्या बंद कपाटासमोर थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि निघून जायच्या. उषानं ते चार दिवस कुणाशी फारसं न बोलता आपला अहवाल लिहिण्यात घालवले.

मंगळवारी अकरा वाजता कुलूप उघडलं. प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. तीर्थपुरीहून भुजंगही, न बोलावता, आला होता.

द्वारकाबाईंनी पहिली गुंडाळी सोडली. तीर्थपुरी. पिवळट, बुरशी आलेले दाणे, मधेच एखादा कोंब. त्या मोजत गेल्या. चौतीस. दुसरी : एकोणचाळीस. तिसरी : एकतीस.

मग धावड्याची पहिली गुंडाळी. कागद उलगडायला लागला तसे कोंबच त्याला वर उचलू लागले. मोजायच्या आधीच खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं, तरी द्वारकाबाईंनी एकेक दाणा चिमटीत धरून मोजला. शहाऐंशी. दुसरी, ब्याऐंशी. तिसरीचा शेवटचा आकडा चतुराबाईंनीच मोठ्यानं म्हटला, "नव्वद."

काकासाहेब भिंतीला टेकून उभे होते. "तीर्थपुरीला ट्रक मीच पाठवला न्हाई," ते हळूच म्हणाले. "दोन ठिकाणचा माल एकदाच आणू म्हणलं. तीर्थपुरीला पोचलो, पिशवीतलं बी हातात घेतलं, तेव्हाच समजलं की गेलं. परतताना रस्त्यात झाडाखाली जीप थांबवली. बापू, तुमच्यापुढं शब्द खोटा पडू नये, एवढंच डोक्यात होतं."

"मेलेलं बी हजारो लोकांनी मातीत पेरलं असतं, काकासाहेब," बापू म्हणाले. "त्यांना कोणता शब्द दिला असता?"

भुजंग पुढं आला आणि शेडची किल्ली बापूंच्या हातात ठेवून म्हणाला, निकालाचा संशय येऊनही तो गप्प बसला, तोही दोषी आहे. बापूंनी किल्ली परत दिली आणि सांगितलं, आधी टाकी हलव, मग बोलू. त्या दिवसापासून काकासाहेब कंपनीत दिसले नाहीत.

उरलेल्या सगळ्या पोत्यांची नव्यानं तपासणी झाली. पुढच्या आठवड्यात धावड्याचं बियाणं पिशव्यांत भरून पहिला ट्रक शहागडच्या रस्त्याला लागला.

उषाचा अहवाल बापूंनी चष्मा लावून सावकाश वाचला. पहिलंच वाक्य होतं : 'या व्यवस्थेतली सर्वांत मोठी चूक माझी आहे, मी एक रकाना अनावश्यक समजून काढला.' खाली तो रकाना परत घातल्याचं, दोन्ही ओलावे न जुळल्यास कॉम्प्युटर निकाल छापणारच नाही असं केल्याचं लिहिलं होतं, आणि हे ज्यांनी शिकवलं त्या द्वारकाबाईंचं नाव.

"दुसऱ्या कुणी पहिलं वाक्य गाळलं असतं," बापू म्हणाले.

"मग व्यवस्था सुधारली नसती," उषा म्हणाली.

नव्या निकालाची यादी काढायच्या वेळी चतुराबाई कॉम्प्युटरच्या खोलीत आल्या. छपाईचं यंत्र करकर करत लांब कागद ओकत होतं. त्यांनी तो सुटण्याआधीच हातात धरला.

"आमचं गाव कुठं आहे ह्याच्यात?"

इंद्रभाननं दाखवलं. "ही बावीस नावं. आणि समोर लिहिलंय, मंजूर."

"मंग वाच की. जोरात वाच, बाहेर माझ्या बाया उभ्या आहेत."

इंद्रभान खुर्चीवरून उठला, खिडकी सताड उघडली आणि वाचायला लागला. प्रत्येक नावापुढं तो 'मंजूर' म्हणायचा, आणि बाहेरून धावड्याच्या बाया तो शब्द त्याच्या मागोमाग म्हणायच्या. बाविसाव्या नावाला आख्ख्या कंपनीचं काम थांबलेलं होतं.